जगाचा अंत जवळ आलाय या भीतीने झोप लागत नाही. ज्यू धर्मात यावर काही आधार आहे का?

आहे, आणि तो भक्कम आहे. अंताची तारीख काढत बसणाऱ्यांना तालमूदने, म्हणजे ज्यूंच्या प्रमुख धर्मग्रंथाने, फार कडक शब्दांत फटकारलंय. ते किती योग्य होतं हे १६६६ मध्ये दिसलं. शब्बताई त्झवी हाच मसीहा, म्हणजे शेवटी येणारा तारणहार, असं मानून असंख्य ज्यू सगळं सोडून निघायच्या तयारीत होते, आणि त्याच वर्षी त्याने धर्म बदलला.

मला सगळ्यात जवळचे वाटतात रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, योहानान बेन झक्काई. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर जाळलं, तेव्हा त्यांचं जग खरोखरच संपलं होतं. त्यांनी याव्ने या गावी धर्माच्या अध्ययनाचं केंद्र उभारलं. त्यांची एक शिकवण सांगतात: हातात रोप असताना कोणी मसीहा आल्याचं सांगितलं, तर आधी रोप लाव, मग त्याच्या स्वागताला जा.

आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएलही, मसीहाची वर्दी देणाऱ्या प्रेषिताला, एलियाहू हानबीला मानतात. पण त्याच्या नावाने पोहे, खोबरं, गुळाचा मलिदा होतो तो लग्नकार्यात, नवस फेडताना. चालत्या संसारात!

तुम्ही ज्यू असाल तर शुक्रवारी सूर्यास्ताआधी मोबाईल बंद करा, शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावा. शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत एकही बातमी नको.