जिभेखालची गोळी आणि ती पाच मिनिटं

बाबांना जिना चढताना छातीत दाब येतो. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली की लगेच बरं वाटतं. म्हणजे ब्लॉकेज सुटतं का? (फोंडा)

नाही, ब्लॉकेज होतं तिथेच राहतं. ही गोळी नायट्रेट गटातली. तिच्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात. हृदयाच्या वाहिन्या रुंदावतात हे खरं; पण आराम मुख्यतः शरीरातल्या शिरा सैलावल्यामुळे पडतो. हृदयाकडे परतणारं रक्त कमी झालं की त्याचं ओझं हलकं होतं. गिळलेल्या गोळीचा बराचसा भाग यकृतातच निकामी होतो, म्हणून ती जिभेखाली ठेवायची.

गोळी घेताना बाबांना आधी बसवा. रक्तदाब उतरतो, उभ्या माणसाला चक्कर येते. आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही, किंवा वाढलं, तर १०८ ला फोन लावा. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. गॅस असेल म्हणून सोडा पाजून तासभर वाट बघितलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्या तासात हृदयाचा स्नायू मरत असतो. कळा आता कमी श्रमातही येऊ लागल्या असतील, तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

गोळी स्कूटरच्या डिकीत ठेवली तर चालेल? (म्हापसा)

नको. मे महिन्यात डिकी तापते, पावसात ओल येते. खिशात ठेवा, पट्टीतून आधी सुटी काढू नका. बाटलीतली असेल तर मूळ काचेच्याच बाटलीत राहू दे.

रोजची गोळी सकाळी आठ आणि दुपारी तीनला लिहिली आहे. बारा-बारा तासांनी का नाही? डोकंही ठणकतं. (डिचोली)

नायट्रेट चोवीस तास अंगात राहिलं तर शरीर त्याला सरावतं आणि औषध लागू पडेनासं होतं. म्हणून रात्र मुद्दाम मोकळी ठेवतात. वेळ आपल्या मनाने बदलू नका. डोकेदुखी वाहिन्या रुंदावल्याची आहे, बहुधा काही दिवसांत कमी होते. असह्य असेल तर डॉक्टर मात्रा बदलतील. गोळी परस्पर बंद करू नका.

विचारायला संकोच वाटतो. सोबत व्हायग्रा चालेल? (पेडणे)

विचारलंत ते फार बरं केलंत. अजिबात चालणार नाही. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर (म्हणजे व्हायग्रा) २४ तास आणि टाडालाफिलनंतर (त्याच गटातलं औषध) ४८ तास नायट्रेट घ्यायचं नाही. तुम्ही रोज नायट्रेट घेत असाल तर ही औषधं पूर्ण वर्ज्य. हुर्राकावर (काजूच्या दारूवर) नायट्रेट घेतलं तरी रक्तदाब उतरतो. १०८ वाल्यांना व्हायग्रासारख्या गोळ्यांबद्दल न लाजता सांगा, म्हणजे ते दुसरं औषध देतील.