थांबायचं कधी, हे आधी ठरव

भावा, बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर उतरायचं ठरवलंस, छान केलंस. पण थांबायचं कधी, तेही आत्ताच ठरव. ली हॅनीने 1984 ते 1991 सलग आठ मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगमधले सगळ्यात मोठे किताब, जिंकले आणि कोणी हरवायच्या आत, ऐन तिशीत निवृत्ती घेतली. रॉनी कोलमननेही सलग आठ जिंकले, 1998 ते 2005. पण तो थांबला नाही. 2006 ला जे कटलर नावाच्या बॉडीबिल्डरकडून हरला, पुढच्या वर्षी थेट चौथा. 800 पौंड, म्हणजे 363 किलो खांद्यावर घेऊन स्क्वॅट मारणारा हा माणूस पाठीच्या आणि खुब्याच्या शस्त्रक्रियांनंतर कुबड्यांवर आला. मला तो मनापासून आवडतो, म्हणूनच सांगतो, त्याचे व्हिडिओ बघून बारवर प्लेटा चढवू नकोस.

डोक्यात हवा जाते ती शोच्या आठवड्यात. अंगावर टॅनचा, म्हणजे गडद रंगाचा थर, मांडीवरच्या नसा तट्ट फुगलेल्या, जो तो सेल्फी मागतोय. ती बॉडी महिनाभरही टिकत नाही, कुणाचीच नाही. ती कायम टिकवायच्या हट्टापायीच पोरं इंजेक्शनांचे डोस वाढवत जातात. तू त्या वाटेला जाऊच नकोस. आणि नोकरी सोडू नकोस. कोलमनसुद्धा पहिलं ऑलिंपिया जिंकला तेव्हा टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला पोलिसात ड्यूटी करत होता.