पिनो न्वार पातळ आहे म्हणजे बिघडलेली नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की भाच्यानं न्यूझीलंडहून तिथल्या सेंट्रल ओटॅगो भागातली पिनो न्वार (याच नावाच्या द्राक्षाची रेड वाईन) आणली, रंग कोकम सरबतासारखा, चव आंबट, वर झाकण फिरकीचं, आणि सावजी मटणासोबत घेतली तर काहीच लागली नाही. बाटली बिघडलेली किंवा नकली आहे का?

नाही. वाईन चांगली आहे. न्यूझीलंडात बहुतेक सगळ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, महागड्यांनासुद्धा.

रेड वाईनचा रंग रसातून येत नाही, सालीतून येतो. पिनोची साल पातळ, म्हणून रंग फिका आणि तुरटपणा कमी. आपण नाशिकच्या काळ्याभोर शिराज वाईनवर वाढलेले, त्यामुळे हिच्यात पाणी घातलंय असं वाटतं.

आता आंबटपणा. आमची काटोलला संत्र्याची बाग आहे, त्यावरून सांगतो. रात्री गार पडल्या की आंबिया बहाराच्या फळाला रंग धरतो. उबदार राहिल्या तर फळ आतून गोड होतं, पण साल हिरवट राहते. द्राक्षातही रात्रीच्या गारव्याचं मोल असंच मोठं. रात्र उकाड्याची असली की फळ स्वतःतलं आम्ल जाळून टाकतं. साखर चढते, आंबटपणा पडतो आणि वाईन जॅमसारखी लागते. पिनो तर लवकर पिकणारी जात, आपल्या उन्हात ती धावतच सुटेल.

सेंट्रल ओटॅगो दक्षिणेला ४५ अक्षांशाच्या आसपास आहे. मी क्रॉमवेलजवळच्या बॅनॉकबर्नला गेलो होतो. १८६० च्या दशकापासून तिथे सोन्यासाठी पाण्याच्या झोतानं टेकड्या धुऊन काढल्या, ते उघडे पिवळे कडे आजही तसेच उभे आहेत आणि त्यांच्या आसपासच द्राक्षाच्या ओळी. उतारांचं तोंड उत्तरेला, कारण तिकडे सूर्य उत्तरेकडून येतो. माती हातात घेतली तर अभ्रकाचे कण बोटांना चिकटून चमकतात. पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर, म्हणून ठिबक लागतंच. दुपारी ऊन चटके देतं आणि सूर्य कलला की स्वेटर शोधावं लागतं. वसंतात कोवळ्या फुटव्यावर दहिवर गोठलं तर वर्ष गेलं, म्हणून पहाटे हेलिकॉप्टर फिरवून वरची उबदार हवा खाली ढकलतात! इतकं करूनही लोक तिथे मुख्यतः हीच जात लावतात. तुमच्या पेल्यातला आंबटपणा त्या थंड रात्रींचा आहे.

चूक झाली ती नागपुरात. 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे युरोपातल्या गार खोल्यांसाठी ठीक. मे महिन्यात आपली खोली ३५ अंशांवर असते, त्यात अल्कोहोल नाकात जातो आणि वाईनचा चेरीसारखा वास दबतो. बादलीत बर्फ आणि पाणी घालून बाटली १५ मिनिटं बुडवा. १४-१५ अंशांवर आली की ओता.

आणि सावजीसोबत नको, कळकळीनं सांगतो. त्या तिखटापुढे ही वाईन गप्प बसते, वर अल्कोहोलनं जिभेची आग वाढते ती वेगळीच. सावजीसोबत ताकच बरं. हिच्यासोबत लोण्यावर परतलेले मशरूम किंवा कमी मसाल्याची भाजलेली कोंबडी घ्या.

उरलेली अर्धी बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि उद्या संध्याकाळी परत घ्या. चव कशी लागली ते इथे लिहा, मी वाट बघतोय.