‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द खोड

प्रिय,

तुझ्या राजीनाम्याचा मसुदा परवा रात्री मिळाला. चार ओळींचा आहे, आणि त्या चारही ओळी मला पाठ आहेत, कारण 2018 सालच्या एप्रिल महिन्यात मी जवळजवळ त्याच ओळी लिहिल्या होत्या. ‘वैयक्तिक कारणास्तव’ने सुरुवात, मध्ये विभागप्रमुखांचे आणि सहकाऱ्यांचे आभार, आणि शेवटी ‘कार्यमुक्त करावे, ही नम्र विनंती’. तू जेथे राजीनामा लिहिलास तेथे मी स्वेच्छासेवानिवृत्ती लिहिले होते; आपल्या दोघींच्या अर्जांत एवढाच फरक आहे. तो मसुदा वाचून मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

फोनवर तू तासभर बोललीस आणि पुन्हा पुन्हा एकच विचारलेस, ‘मॅडम, सोडू की नको?’ त्याचे उत्तर मी देणार नाही. गैरहजर मुलांच्या नावांपुढे हजेरी लावून 75 टक्क्यांची अट पूर्ण झाल्याच्या पत्रकावर सही करायला जिने दोन वर्षे नकार दिला, तिसऱ्या वर्षी सही केली आणि त्यानंतर वर्गात मुलांच्या डोळ्यांकडे पाहणे जिला जड जाऊ लागले, तिचा निर्णय झालेला आहे. तुला धीर देणारी वाक्येही मी लिहीत नाही, कारण तुला त्यांची गरज नाही. मला बोलायचे आहे ते फक्त त्या पहिल्या दोन शब्दांबद्दल. जायचे असेल तर जा, पण कारण लिहून जा.

एम.ए.च्या पहिल्या तासाला मी तुम्हा सर्वांना एका मोडी पत्राची छायाप्रत वाटत असे, तुला आठवत असेल. वाचता कोणालाच येत नसे, तरी मी विचारत असे, हे कोणी लिहिले असेल, कोणाला, कधी, आणि लिहिणाऱ्याने काय लिहायचे टाळले असेल? इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी लागलेली आणि रद्दीत जाणारी दप्तरे त्यांनी गोळा केली, ती कशासाठी, हे मी तुम्हांला सांगत असे. माणसे जातात आणि कागद मागे राहतो. म्हणून कागद खोटा असेल तर पुढच्या माणसाची वाटच चुकते. एकवीस वर्षे मी हे शिकवले. आणि त्या एकवीस वर्षांचा माझ्या हातचा शेवटचा कागद खोटा आहे.

मी का सोडले, हे तुला पूर्ण कधी सांगितले नाही. 1997 च्या जुलैमध्ये, सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, मी रुजू झाले. पहिली बारा-तेरा वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली होती, हे मी आजही म्हणते. आठवड्याला सोळा तास शिकवणे, दुपारी ग्रंथालय, मे महिन्यात विद्यार्थ्यांना घेऊन अभिलेखागार. त्या काळाबद्दल माझी तक्रार नाही. यूजीसीच्या 2010 च्या नियमावलीने एपीआय, म्हणजे शिक्षकाच्या प्रत्येक कामाला गुण देण्याची पद्धत, आणली आणि आम्ही सगळे हळूहळू स्वतःची गुणपत्रिका भरणारे कारकून झालो. पण त्यानेही मी सोडले नसते. फाइल भरणे कंटाळवाणे असते, त्यात पाप काही नसते.

पुढे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची समिती येणार असे ठरले आणि विभागाचे दप्तर काढले, तेव्हा लक्षात आले की पाच वर्षांत विभागीय समितीच्या सभा झालेल्याच नाहीत. वर्षाला चार, म्हणजे वीस सभांची इतिवृत्ते हवी होती. मला बोलावून सांगण्यात आले, ‘तुमची भाषा चांगली आहे, तुम्हीच लिहा.’ मी तीन रात्री बसून ती लिहिली. न झालेल्या सभांमध्ये न मांडलेले ठराव, त्यांना सूचक आणि अनुमोदक, आणि ‘अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली’. जुने दिसावे म्हणून मी तीन वेगवेगळी पेने वापरली. बनावट कागद शाईवरून आणि कागदावरून कसा ओळखावा हे मी वर्गात शिकवत असे, त्यामुळे तो कसा बनवावा हेही मला ठाऊक होते. सह्या गोळा करायला फिरले तेव्हा एकानेही प्रश्न विचारला नाही. समिती आली, फाइल उघडली, पाने उलटली, समाधान व्यक्त केले आणि गेली.

त्यानंतर मी वर्षभर शिकवले, पण ते मोडी पत्र पुन्हा वाटू शकले नाही. तुझ्यानंतरच्या तुकडीला ते मिळालेच नाही. माझी नोकरी खरे तर तेथेच संपली होती. अर्ज नंतर गेला.

आणि अर्जात मी काय लिहिले? वैयक्तिक कारणास्तव.

तू म्हणशील, मॅडम, मग तुम्ही खरे का लिहिले नाही? हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. माझी वीस वर्षांची सेवा पूर्ण झाली होती. तीन महिन्यांची आगाऊ सूचना देऊन स्वेच्छेने निवृत्त झाले तर निवृत्तिवेतन मिळते, आणि साधा राजीनामा दिला तर आधीची सगळी सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते, हा 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतला फरक मला चांगला माहीत होता. अर्ज मंजूर होणे, ना-देय प्रमाणपत्र, सेवापुस्तकातल्या नोंदी, वेतनपडताळणी, हे सगळे ज्या टेबलांवरून जायचे होते, त्याच टेबलांवर ती वीस इतिवृत्ते तयार झाली होती. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, मुलीचे शिक्षण चालू होते. शिवाय खरे लिहायचे तर माझी स्वतःची तीन पेनेही लिहावी लागली असती. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिनेही हेच केले असते, असे मी बरीच वर्षे म्हणत आले. आजही ते अगदीच चुकीचे आहे असे मला वाटत नाही. मी घर चालवत होते, आणि घर चालवणाऱ्या बाईला शौर्याचा हिशेब मागणारे लोक स्वतः कधी पेन्शनच्या रांगेत उभे राहिलेले नसतात.

पण त्या दोन शब्दांचे पुढे काय झाले ते ऐक. निरोपसमारंभात सांगितले गेले की मॅडमना घरच्या अडचणीमुळे जावे लागत आहे. मी शाल आणि नारळ घेतला आणि काही बोलले नाही. दोन वर्षांनी माझ्या जागेवर आलेला एक तरुण शिक्षक मला भेटायला आला. त्यालाही तसलीच फाइल दिली गेली होती. तो म्हणाला, ‘आधी कोणी याला हरकत घेतल्याची नोंद असती, तर मला निदान बोट ठेवायला काही मिळाले असते. मी पाहिले, काहीच नाही.’ त्याने खरोखर पाहिले होते, कारण तोही इतिहासाचाच माणूस. दप्तरात त्याला माझा अर्ज सापडला होता, आणि त्यात फक्त ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलेले होते. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती तुला वाटू नये, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

म्हणून सांगते, कारण लिहून जा.

आपल्याकडे याला परंपरा आहे आणि ती तुला माहीत आहे. 1890 मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. जी संस्था त्यांनी आगरकरांसह 1884 मध्ये उभी केली, तीच ती. आजीव सदस्यांनी बाहेरची कामे आणि बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, हा वाद होता, आणि गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले यावरही टिळकांचा आक्षेप होता. प्रकृती किंवा घर असे कारण पुढे करून ते सहज जाऊ शकले असते. त्यांनी सविस्तर, लेखी कारणे दिली. त्यांची बाजू बरोबर होती की नव्हती यावर आपण वर्गात दोन तास भांडलो होतो, आणि तू आगरकरांच्या बाजूने होतीस. पण आपल्याला भांडता आले ते त्यांनी लिहून ठेवले म्हणूनच, हे लक्षात घे. आणि ज्यांच्याशी त्यांचा वाद होता ते गोखले 1902 मध्ये फर्ग्युसन सोडताना विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले आणि आपण सार्वजनिक कामासाठी हे सुरक्षित घर का सोडत आहोत हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. एकमेकांचे विरोधक, पण वर्ग सोडताना दोघांनीही कारण सांगितले.

आता तुझ्या अडचणी. आई म्हणते, कायमची नोकरी कोणी सोडते का. आईला समजावत बसू नकोस. त्यांनी तुला तासिका तत्त्वावर चार-चार ठिकाणी धावताना पाहिले आहे आणि त्यांची भीती खरी आहे. तू म्हणतेस, खरे लिहिले तर अनुभवाचा दाखला अडवतील. अडवतील, काही महिने. माझ्यासारखी पेन्शनची बेडी तुझ्या पायात नाही, कारण तू 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलीस आणि जुनी पेन्शन तुला लागूच नाही. तुझे प्रान, म्हणजे नव्या पेन्शन योजनेतले, खाते तुझेच आहे, ते तुझ्याबरोबर जाईल. ज्या कारणाने मी गप्प बसले ते कारणच तुझ्याकडे नाही, मग माझे शब्द उसने का घेतेस? याचा मला राग येतो, हे स्पष्टच लिहिते. मला जे परवडत नव्हते ते तुला परवडते आहे, आणि तरीही तू माझ्याच आडोशाला येऊन उभी राहतेस.

‘वातावरण बिघडेल’ असेही तू म्हणालीस. ज्या वातावरणात तुला झोप लागत नाही, ते राखायची जबाबदारी तुझ्यावर कोणी टाकली?

लिहिताना मात्र इतिहासकारासारखे लिही. जे स्वतः पाहिले ते लिही. जे ऐकले ते सोड, कितीही खात्रीचे वाटले तरी. कोणाचा स्वभाव, कोणाचा हेतू, कोणाची जात, कोणाचा गट, यातले काही त्या कागदावर नको. विशेषणे नकोत. तारीख, वर्ग, पत्रकाचा क्रमांक, तोंडी सूचना कोणत्या दिवशी मिळाली, आपण काय उत्तर दिले. आणि तिसऱ्या वर्षी तू स्वतः सही केलीस, हेही त्यात हवे. तेच लिहायला सर्वांत अवघड जाईल आणि तेच गाळायचा मोह होईल, मला माहीत आहे. ते गाळलेस तर उरलेला अर्ज नुसती तक्रार होईल. त्यातून तुझ्यावर काय येऊ शकते हे आधी एखाद्या वकिलाला विचारून घे, त्यात कमीपणा नाही. पण वाक्य ठेव. एका पानात बसव. आभार मानायचे असतील तर मुलांचे मान, ते खरे आहेत.

सत्राच्या मध्ये जाऊ नकोस. अंतर्गत मूल्यमापनाच्या वह्या तपासून, गुण भरून, मग अर्ज दे. तुझ्या मुलांचे सत्र तुझ्या कारणासाठी अडकता कामा नये. अर्जाच्या दोन प्रती काढ. एक आवक-जावक विभागात दे आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच घरी आण. तेथील बाबू ‘नंतर देतो’ म्हणाले तर तेथेच बाकावर बसून राहा. पोच नसलेला अर्ज दिलेला नसतो.

नवा मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव. रविवारी सकाळी ये, दोघी मिळून एकदा वाचू. माझ्या कपाटात त्या मोडी पत्राची शेवटची छायाप्रत उरली आहे, तीही घेऊन जा.

तुझी,
मॅडम