कोणतं काम धरू, ताई?

"ताई, ज्यात कॉम्पिटिशन नाही असं एखादं काम सांगा ना." सल्ला मागायला येणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही पाठ आहे: "नाहीतर सीएनसीसाठी कर्ज काढू का?" सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन.

त्यातलाच एक भाऊ. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) जळगाव एमआयडीसीत भाड्याचा गाळा, दोन लेथ, जुना शेपर, वेल्डिंग सेट. एका कारखान्याचं बुशचं (शाफ्टभोवती बसणाऱ्या धातूच्या नळीचं) जॉबवर्क. रेट पडलेला, पेमेंट तीन महिन्यांनी. नव्या धंद्यांची यादी तो लिहूनच घेऊन आला होता. मी ती बाजूला ठेवली. उत्तर बहुधा माणसापाशीच असतं, कशाखाली तरी दबलेलं, अशी माझी श्रद्धा. "बिलबुकं आणा," एवढंच म्हटलं.

तिसऱ्या भेटीत प्रत्येक बिलासमोर मशीनचे तास लिहिले. दोनशे बुश, 3,600 रुपये, वीस तास. म्हणजे तासाला 180. मागच्या पानावर पेन्सिलीने खरडलेलं: डाळमिल शाफ्ट, 2,800, पाच तास.

"हे काय?"

"ते सोडा. शाफ्टवरची बेअरिंग बसायची जागा झिजली होती, रात्री वेल्डिंगने भरून लेथवर टर्न करून दिली. रिपेरिंग आहे ते."

"रेटवरून घासाघीस केली त्यांनी?"

"छे! मिल बंद पडली होती ना."

"अशी पानं किती?"

तो पानं उलटू लागला. जिनिंगचे (कापसातून सरकी काढणाऱ्या मिलचे) शाफ्ट, चटई कारखान्याचा स्क्रू, पुन्हा डाळमिल. मग हात थांबला. मी गप्प राहिले. सुरुवातीच्या वर्षांत इथेच सल्ला ओतून मोकळी झाले असते.

"आप्पा जिनिंगवर मिस्त्री होते," तो खाली बघत म्हणाला. "हात कायम काळे. म्हणून तर मी आयटीआय करून प्रॉडक्शन धरलं."

तासाला 560 देणारं काम तो हिशेबातच धरत नव्हता. गाठ बाजारात नव्हतीच.

पुढचं सोपं होतं, म्हणून थोडक्यात. बुश एकदम सोडू नका, गाळ्याचं भाडं त्यातून निघतं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक शाफ्टचा व्यास, कीवे म्हणजे चावीची खाच, बेअरिंग नंबर वहीत उतरवा. पुढच्या वेळी फोनवरच काम सुरू होतं. त्या मापांचे ईएन-8 पोलादाचे बार गाळ्यात ठेवा. जिनिंगवाल्यांना कापूस यायच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात भेटा. हंगामात त्यांना बोलायला फुरसत नसते. रात्रीचा रेट आधीच सांगा आणि माल पैसे मोजूनच सोडा. अडलेला माणूस नड भागली की उधारी विसरतो. सीएनसीचं या वहीत वर्षभराची कामं भरल्यावर बघू.

सप्टेंबरात तो वही दाखवायला आला. सात मिलची मापं, अक्षर आयटीआयच्या ड्रॉइंगसारखं नीटस. बोर्डावर मात्र अजून 'प्रिसिजन वर्क्स'च आहे. खाली 'दुरुस्ती' रंगवायचं का, विचारलं तर हसला. "बघू ताई."

मीही घाई केली नाही.