कान्हेरीला पहिल्यांदा जाताय ना?

सगळ्यात आधी, एका दिवसात 109 लेणी बघायचा हट्ट सोडा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नवखे तिथेच चुकतात. दुपारपर्यंत पाय गळतात आणि डोक्यात काहीच राहत नाही.

क्रमांक 3 चा चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, निवांत बघा, सातवाहन काळातला आहे. मग पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळात खोदलेली टाकी, शोधा. कातळात चर खोदून पावसाचं पाणी टाक्यांत कसं वळवलंय ते दिसलं, की या डोंगरावर एवढे भिक्षू कसे राहत असतील ते उमगतं. (मला तर मूर्तींपेक्षा ही टाकीच जास्त आवडतात.) शिलालेख, लिपी वगैरे पुढच्या फेरीला.

बाकी एवढं सांभाळा:
- सोमवारी उद्यान बंद असतं.
- गेटपासून लेणी सहाएक किलोमीटर. सकाळी लवकर निघा; शेवटचा चढ दमवतो.
- खाऊ हातात धरू नका, माकडं विचारून घेत नाहीत!
- पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला.

आणि तुळशी तलावाकडे आडवाटेने घुसू नका, बिबट्यांचं जंगल आहे. जंगलच बघायचं असेल तर माहितगारासोबतच्या निसर्गफेरीत नाव नोंदवा.