वाचकांचे प्रश्न : जीपवरची तोफ आणि पॅटन रणगाडे

प्रश्न : अब्दुल हमीद यांनी 1965 च्या युद्धात जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले, असे शाळेत शिकलो. उघड्या जीपला हे जमले कसे? आणि रणगाडे नेमके किती?

उत्तर : ती 106 मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ होती. साध्या तोफेला गोळा सुटताना मागे जबर धक्का बसतो, म्हणून तिला भक्कम गाडा लागतो. या तोफेत दारूचा बराचसा वायू मागच्या छिद्रांतून बाहेर पडतो आणि धक्का जवळजवळ उरत नाही. त्यामुळे सुमारे 210 किलोची ही तोफ जीपवर बसते. गोळ्याचा वेग कमी असला तरी बिघडत नाही. गोळ्यातली, पुढून पोकळ आकार दिलेली स्फोटक दारू फुटली की धातूचा बारीक, अतिवेगवान झोत निघतो आणि चिलखत भेदून आत शिरतो. नेम धरायला नळीच्या वर एक लहान रायफल असते. तिची धूर सोडणारी गोळी रणगाड्यावर लागली की लगेच मोठा गोळा सोडायचा.

याची किंमत मात्र मोठी. मागे भडका उडतो, धुळीचा लोट उठतो आणि जागा उघडी पडते. दारूगोळा एकेक करून हातानेच भरायचा. जीपला चिलखत नाही. जवळ फुटलेल्या गोळ्याची एक कपचीही पुरे. म्हणून नियम असा, की लपून, रणगाड्याच्या बाजूने मारा करायचा आणि धूळ खाली बसायच्या आत जागा सोडायची. पंजाबमधल्या खेमकरण भागातल्या उभ्या उसाने ही आड दिली. शेतांत पाणी सोडलेले असल्याने 45 टनांचे पॅटन चिखलात रुतत होते.

10 सप्टेंबरच्या सकाळी चीमा गावाजवळ हमीद यांनी नेमके हेच केले. तोफांच्या भडिमारात जीप बगलेला नेली, सर्वांत पुढचा रणगाडा टिपला, जागा बदलली, दुसरा टिपला. तोवर शत्रूने त्यांना हेरले होते. मशिनगन आणि स्फोटक गोळे त्यांच्यावरच रोखलेले असताना त्यांनी आणखी एका रणगाड्यावर मारा चालूच ठेवला आणि एका स्फोटक गोळ्याने ते धारातीर्थी पडले. शत्रूने हेरल्यावरही ते तोफेवर राहिले, ही गोष्ट आम्हाला आकड्याहून फार मोठी वाटते.

आकड्याचे म्हणाल तर मरणोत्तर परमवीर चक्राच्या मानपत्रातले वर्णन या एकाच सकाळचे आहे. सात-आठ हा आकडा येतो तो आधीच्या दोन दिवसांतले रणगाडे धरून.

प्रश्न : ते क्वार्टरमास्टर हवालदार होते ना? मग तोफेवर कसे?

उत्तर : कंपनीचे रेशन आणि सामानसुमान पाहणे, ही त्यांची नेमणूक. पण 4 ग्रेनेडियर्स या त्यांच्या पायदळ बटालियनमध्ये रिकॉइललेस तोफेचे ते पक्के शिकलेले, तरबेज नेमबाज होते. लढाईत बटालियनला गरज होती ती त्याच हाताची.